नखांवर उभी गाय

भिलाईच्या मैत्रीबागेत गर्दी होते ती पांढऱ्या वाघापुढे. भिलाई पोलाद कारखान्याने 1972 साली भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून ही बाग उभारली. दुर्ग, बालोद, बेमेतरा, राजनांदगावच्या खेड्यांतून येणारी कुटुंबे आणि सुटीत नातेवाइकांकडे आलेली गोंदिया-नागपूरकडची मराठी माणसे या वाघासाठी तासभर थांबतात. हरणांच्या कुंपणापुढून मात्र सगळे भराभर पुढे निघून जातात. गाई-म्हशी सांभाळणाऱ्या माणसाला शिकण्यासारखे जे आहे, ते वाघापेक्षा त्या कुंपणात अधिक आहे. हरणाच्या पायात त्याच्या स्वतःच्या गाईचा पाय उभा असतो.

एखाद्या अनुभवी पशुपालकाला गाईचा गुडघा दाखवायला सांगावे. तो पुढच्या पायाच्या मधल्या सांध्यावर हात ठेवतो. शरीररचनाशास्त्राच्या दृष्टीने तो गुडघा नसून मनगट आहे. गाईचे कोपर त्याच्याही वर, छातीला लागून असते. मागच्या पायात मागे वळलेला जो टोकदार सांधा दिसतो, तो घोटा आणि टाच. खरा गुडघा कासेच्या बाजूला, पोटाच्या कातडीत अर्धा झाकलेला असतो. मनगटाखालचे लांब सरळ हाड म्हणजे तळहाताची तिसरी आणि चौथी हाडे एकजीव झालेली. त्या हाडाच्या पुढच्या अंगावर एक उभी खाच असते. दोन हाडे जुळून एक झाल्याची ती खूण. त्याखाली दोन बोटे, आणि त्या दोन बोटांच्या नखांवर सारी गाय उभी. खुरांच्या मागे वर लोंबणाऱ्या दोन लहान खुऱ्या ही दुसऱ्या आणि पाचव्या बोटांची शिल्लक आहे. अंगठा पूर्णच गेला. घोड्यात ही घट आणखी पुढे गेली. तो एकाच मधल्या बोटावर धावतो आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांच्या जागी हाडांच्या दोन बारीक काड्या उरल्या आहेत. वाघ बोटांवर चालतो, अस्वल आणि माणूस तळव्यावर. नीट पाहिले तर पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपैकी चार पायांच्या सर्वांमध्ये मूळ आराखडा एकच आढळतो. काही भाग लांबले, काही जुळले, काही गळाले, एवढाच फरक.

ही माहिती परीक्षेपुरती आहे असे मानले जाते आणि तिथेच घोटाळा होतो. खूर म्हणजे नख हे एकदा मनात बसले की खुराविषयीचे सारे वर्तन बदलते. नख वाढते, म्हणून खूर वाढतो. धानाच्या बांधीत, मुरमाड रस्त्यावर, रानात चालणाऱ्या जनावराचे नख झिजते; सिमेंटच्या गोठ्यात दिवसभर बांधलेल्या संकरित गाईचे झिजत नाही. वाढलेल्या नखामुळे वजन पुढून टाचेकडे सरकते, आतल्या बोटाच्या हाडावर आणि त्याभोवतीच्या नाजूक पेशींवर दाब येतो आणि गाय लंगडू लागते. ‘खुरी छाटा’ हा सल्ला विस्तार पत्रिकांत वर्षानुवर्षे छापला जातो. का छाटायची, हे दोन ओळींत सांगितलेले मात्र क्वचित दिसते. कारण न कळलेला सल्ला पहिल्या अडचणीच्या वेळी मोडतो, हा विस्तार कार्यकर्त्यांचा नित्याचा अनुभव आहे.

छत्तीसगडच्या मैदानी पट्ट्यातील कोसली गाय आणि पलीकडे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतील कठाणी ही दोन्ही लहान चणीची, काटक जनावरे. दूध कमी, म्हणून त्यांना ‘गावठी’ म्हणून बाजूला सारण्याची सवय जुनी आहे. चिखलणीच्या बांधीत मात्र हलके शरीर आणि चिखलात पसरणारी दोन बोटे यांचे मोल कळते: पाय रुतताना बोटे फाकतात, भार विभागला जातो, मागच्या खुऱ्याही चिखलाला टेकतात, पाय उपसताना बोटे मिटतात आणि पाय सुटतो. एकाच बोटाच्या घोड्याला हे जमत नाही, आणि भातशेतीच्या मुलखात घोडा नांगराला का जुंपला गेला नाही याची जी अनेक कारणे आहेत त्यांत हेही एक आहे. म्हशीत हीच रचना आणखी पुढे जाते. तिचे खूर रुंद, खुराच्या वरचे सांधे सैल आणि लवचीक. छत्तीसगडचा राज्यप्राणी असलेली रानम्हैस दलदलीत का रमते, हे तिच्या पायातच लिहिलेले आहे. तिच्या अंगातील घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने कमी आणि कातडी काळी, म्हणून ती पाण्यात बसते. म्हशीला डुंबायला पाणी नसेल तर अंगावर पाणी मारावे लागते, या सल्ल्याचे मूळ इथे आहे. तो लाड नव्हे.

मागच्या पायाच्या घोट्यात एक लहानसे हाड असते. बोकडाच्या पायात ते सहज सापडते. मंगोलियात मुले मेंढीचे हे हाड घेऊन आजही खेळतात. दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेले हे हाड दुहेरी खुरांच्या प्राण्यांची ओळख आहे. गाय, शेळी, हरीण, डुक्कर, उंट या सर्वांत ते त्याच घडणीचे असते. या हाडाने एक मोठे कोडे सोडवले. देवमासा हा दूध पाजणारा प्राणी. तो समुद्रात कोणत्या वंशातून गेला, यावर दीर्घकाळ वाद होता. 2001 साली पाकिस्तानातील प्राचीन देवमाशांच्या जीवाश्मांत, म्हणजे ज्यांना अजून पाय होते अशा देवमाशांत, घोट्याचे हेच दुहेरी कप्पीचे हाड मिळाले. पुढे जम्मू-काश्मीरच्या राजौरी जिल्ह्यातील कालाकोट भागातून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा करून ठेवलेल्या दगडांतून ‘इंडोहायस’ या मांजराएवढ्या खुरी प्राण्याचे अवशेष बाहेर आले. 2007 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या कानाच्या हाडाची जाड कड देवमाशाच्या कानासारखी होती. हे दगड रंगा राव यांच्या हयातीत फोडलेच गेले नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर ते अभ्यासकांच्या हाती आले. समुद्रातला सर्वांत मोठा जीव आणि गोठ्यातली शेळी हे दूरचे भाऊबंद आहेत, ही गोष्ट एका घोट्याच्या आणि एका कानाच्या हाडाने सांगितली.

गोठ्यात या कप्पीचा उपयोग काय? कप्पी एकाच दिशेने फिरते. गाईचा मागचा पाय पुढे-मागे जोराने झेपावतो. बाजूला मुरगळण्याची मोकळीक त्याला फारशी नाही. म्हणूनच शेण-मूत्राने निसरड्या झालेल्या गुळगुळीत कोब्यावर गाईचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले की पुष्कळदा ती पुन्हा उठत नाही. गोठ्याचा कोबा करताना ओल्या सिमेंटवर खराटा फिरवून खरखरीतपणा ठेवणे हा खर्चाचा प्रश्नच नाही. तरीही अनुदानातून झालेले कित्येक गोठे आरशासारखे गुळगुळीत असतात, कारण गवंड्याला घराच्या फरशीची सवय असते आणि गाईचा घोटा त्याला कोणी दाखवलेला नसतो.

उत्क्रांतीने दिलेली प्रत्येक रचना उत्तमच असते असेही नाही. घसा हे त्याचे उदाहरण. पाठकण्याच्या जमिनीवरील प्राण्यांची फुप्फुसे ही मूळ अन्ननलिकेच्या खालच्या भिंतीतून फुटलेली पिशवी. त्यामुळे श्वासनलिका अन्ननलिकेच्या खाली राहिली, नाकपुड्या मात्र तोंडाच्या वर. वरून येणारा वारा आणि खालून येणारा घास यांचे रस्ते घशात एकमेकांना छेदतात. प्रत्येक घास श्वासनलिकेच्या तोंडावरून जातो आणि आत पडण्याचा धोका घेऊन जातो, या विचित्रपणाची नोंद डार्विनने 1859 च्या आपल्या ग्रंथातही केली आहे. नव्याने आखणी करणाऱ्या कोणत्याही अभियंत्याने असा चौक ठेवला नसता. जुन्या घराला खोल्या जोडत गेल्यावर जसा जिना नको तिथे येतो, तसे हे झाले आहे.

आता गावातील औषध पाजण्याची रीत आठवावी. पोट फुगलेल्या गाईचे नाक धरून तोंड आभाळाकडे करायचे, जीभ बाहेर ओढायची आणि बांबूच्या नळ्याने किंवा बाटलीने तेल, काढा घशात ओतायचा. जीभ ओढलेली असताना गाईला गिळता येत नाही. मान वर ताणलेली असताना तो चौक उघडा पडतो. ओतलेले तेल फुप्फुसात उतरते आणि तिथून ते खोकल्याने सहजी निघत नाही. दोन-तीन दिवसांनी ताप येतो, धाप लागते आणि जनावर दगावते. घरचे लोक म्हणतात, पोटफुगीने गेले. डोके पाठीच्या रेषेपेक्षा फार उंच न करता, जीभ मोकळी ठेवून, घोट-घोट पाजावे. खोकणाऱ्या, आडव्या पडलेल्या किंवा गिळू न शकणाऱ्या जनावराला तोंडाने काहीच पाजू नये. हे नियम पाठ करून घेण्यापेक्षा घशाचे चित्र एकदा दाखवणे अधिक परिणामकारक ठरते, कारण चित्र पाहिलेला माणूस नियम विसरला तरी स्वतः तयार करू शकतो.

पोटाविषयी अधिक विस्ताराने बोलणे भाग आहे, कारण पशुपालनाचा सारा व्यवहार तिथे चालतो. रवंथ करणाऱ्या जनावराला चार पोटे असतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ती कुठे असतात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. कोटीपोट पोटाची जवळजवळ सारी डावी बाजू व्यापते. मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. पोटफुगीत डावी भकाळी का फुगते आणि जीव वाचवण्यासाठी पशुवैद्य सुई डावीकडेच का खुपसतात, याचे उत्तर तेवढेच आहे. नवजात वासरात मात्र चित्र उलटे असते. चौथे, खरे पाचक पोट सर्वांत मोठे आणि कोटीपोट लहान, झोपलेले. वासरू दूध ओढते तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध पहिल्या पोटांना वळसा घालून थेट चौथ्यात उतरते. कोटीपोट जागे होते ते चारा आणि भरडा पोटात जाऊ लागल्यावर. त्याच्या आतल्या भिंतीवरची बारीक लव भरड्याच्या आंबण्यातून निघणाऱ्या आम्लांनी वाढते. ‘वासराला दुसऱ्या आठवड्यापासून थोडा भरडा चाटवा’ या सल्ल्यामागे एक अवयव घडवण्याचे काम आहे.

दुसरे, जाळीपोट. आतून मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी असलेले हे लहान पोट सर्वांत पुढे, श्वासपटलाला टेकून असते, आणि पटलाच्या पलीकडे अवघ्या काही सेंटिमीटरवर हृदय. गाय चारा जिभेने वेढून ओढते. वरच्या जबड्यात पुढे दात नाहीत, तिथे कठीण गादी आहे. ओठ जाड आणि कमी हलणारे. गवताच्या माळावर भराभर चरून, नंतर सावलीत बसून रवंथ करणाऱ्या प्राण्याला हे सोयीचे होते. खाताना निवड करण्याची गरज नव्हती, कारण माळावर खिळे नव्हते. शेळीचे तसे नाही. काटेरी झुडपातून एकेक पान टिपणारे तिचे ओठ बोटांसारखे चालतात, म्हणून तिच्या पोटात लोखंड क्वचित जाते.

भिलाई हे पोलादाचे शहर. अशा कोणत्याही औद्योगिक वस्तीत बांधकामे, लहान कारखाने, भंगाराचे ढीग आणि रस्त्यावर सोडलेली गुरे शेजारी शेजारी नांदतात. तारेचा तुकडा किंवा खिळा चाऱ्याबरोबर गेला की जड असल्यामुळे जाळीपोटात जाऊन बसतो आणि जाळीत अडकतो. हे पोट दर मिनिटाला आकुंचन पावते. प्रत्येक आकुंचनाबरोबर टोक पुढे सरकते, पोटाची भिंत, श्वासपटल आणि अखेर हृदयाचे आवरण भेदते. गाय अचानक खाणे सोडते, दूध घटते, पाठीची कमान होते, कोपरे छातीपासून दूर धरते, उतारावर चालायला कचरते, बसता-उठता कण्हते. पुढे मानेची रक्तवाहिनी दोरासारखी फुगते, गळ्याखालची पोळी सुजते. पोळी सुजेपर्यंत थांबल्यास उपचाराला फारसा वाव राहत नाही. गाभण गाईत वाढत्या गर्भाचा दाब पोटांना पुढे रेटतो, म्हणून हा आजार विण्याच्या सुमारास अनेकदा उघड होतो आणि ‘विताना काहीतरी झाले’ अशी समजूत होते.

यावरचा प्रतिबंध सोपा आहे. कडबा कापण्याच्या यंत्राच्या तोंडाशी चुंबक बसवावे. औद्योगिक भागातील दुभत्या गाईला पशुवैद्याकडून गुळगुळीत दंडगोल चुंबक गिळवून घ्यावे. ते जाळीपोटातच जाऊन बसते, त्याच कारणाने ज्या कारणाने खिळा बसतो. मात्र शेतकऱ्याला ‘गाईला चुंबक गिळवा’ असे सांगितले की तो हसतो. जाळीपोट त्याने पाहिलेले नसते.

आणि ते त्याने का पाहिलेले नसावे, या प्रश्नाला एक कडू उत्तर आहे. मेलेल्या जनावराचे आतले रूप ज्यांच्या डोळ्यांसमोर पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांच्यावर ते काम जातीने लादलेले होते. कोणत्या गाईच्या पोटात तार होती, कोणत्या बैलाचे फुप्फुस सडले होते, हे कातडे सोडवणाऱ्या माणसाला दिसे; पण त्याला कोणी विचारले नाही, आणि जे ग्रंथ लिहीत होते त्यांनी जनावर उघडून पाहिले नाही. 1927 साली महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचे आवाहन केले. ते सर्वथा न्याय्य होते. त्या कामाबरोबर अपमान येत होता, ज्ञानाचा मान येत नव्हता. त्यानंतर ते पाहणे समाजातील इतरांनी, विशेषतः शास्त्र शिकवणाऱ्या संस्थांनी, अंगावर घ्यायला हवे होते. मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासून आहे, नागपुरात 1958 पासून. भिलाईलगत दुर्ग येथे कामधेनु विश्वविद्यालय आहे. या संस्थांच्या विच्छेदनगृहांत विद्यार्थी हाडन्‌हाड शिकतात. त्या गृहाचे दार शेतकऱ्यासाठी मात्र अपवादानेच उघडते. शिवार फेरी असते, पीक प्रात्यक्षिक असते, पशुप्रदर्शन असते. जनावराच्या आतले प्रात्यक्षिक नसते.

यावर विस्तार यंत्रणेतून दोन आक्षेप येतात. पहिला वेळेचा: लसीकरण, विमा, योजनांचे अर्ज यांतून उसंत नाही. तो खरा आहे. दुसरा भावनेचा: गाईचे शरीर उघडून दाखवणे गावाला रुचणार नाही. हाही खरा आहे, पण त्याला वळसा घालता येतो. बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानात बोकडाची वजडी मिळते. कोटीपोटाची लव, जाळीपोटाची जाळी, तिसऱ्या पोटाचे पुस्तकासारखे पदर, सारे तिच्यात आहे. कित्येक घरांतील स्त्रिया ती वर्षानुवर्षे चुन्याने घासून धूत आल्या आहेत. कोणता तुकडा कोणत्या पोटाचा हे त्यांना हाताने कळते, फक्त त्याला गाईशी कोणी जोडून दिलेले नाही. पायाच्या रश्श्यातून निघालेले हाड धुऊन ठेवले तर घोट्याची कप्पी हाती येते. कोंबडीच्या पंखात तीन बोटांचे अवशेष दिसतात. ज्या गावात मांसाहाराचीच अडचण असेल तिथे मातीचे नमुने चालतील. पोळ्याला घरोघर बैल घडवणाऱ्या कुंभाराला पोट घडवणे अवघड नाही.

एक सावधगिरी मात्र कटाक्षाने सांगितली पाहिजे. अचानक मेलेले, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येणारे जनावर कोणीही उघडू नये. तो काळपुळी असू शकतो. त्याचे जंतू हवा लागताच टिकाऊ बीजरूप धारण करतात, वर्षानुवर्षे मातीत राहतात आणि माणसालाही मारतात. असे शव पशुवैद्याला कळवून खोल पुरणे एवढेच करायचे.

कोंबडीचा उल्लेख आला म्हणून एक लहानसे उदाहरण. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या डोंगरगाव टेकडीवर सापडलेल्या, आज ‘इसीसॉरस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डायनासोरच्या कुळातील प्राण्यांचे मणके आतून पोकळ, हवेच्या पिशव्यांनी भरलेले असत. डायनासोरांच्याच एका शाखेतून आलेल्या पक्ष्यांत ती व्यवस्था आजही चालते. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल नाही. छातीचे हाड वर-खाली करून ती वारा खेळवते. लस टोचताना तिला छातीशी घट्ट आवळून धरले की ती गुदमरते. पाय आणि पंख धरावेत, छाती मोकळी ठेवावी.

पांढऱ्या वाघाकडेही पुन्हा वळायला हवे, कारण त्याची गोष्ट वळू निवडणाऱ्याने ऐकण्यासारखी आहे. 1951 साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या ‘मोहन’ या बछड्यापासून आजच्या बंदिवासातील पांढऱ्या वाघांची बहुतेक वंशावळ निघते. तो वेगळा वंश नव्हे. रंगद्रव्याशी निगडित एका जनुकातील एकाच बदलाने ढाण्या वाघ पांढरा होतो, हे 2013 साली दाखवण्यात आले. रंग टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या. 1973 सालच्या एका अभ्यासात आढळले की पांढऱ्या वाघात डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची मांडणीच चुकलेली असते. अशा वाघांत तिरळेपणा आढळतो तो याच्याशी संबंधित. बाहेर एक गुण दिसतो म्हणून निवड करावी, आणि त्याच निवडीबरोबर आत, मेंदूच्या वाटेवर, काहीतरी सरकावे. कपाळ, शिंगांची ठेवण किंवा रंग पाहून एकाच वळूच्या मुलीवर पुन्हा तोच वळू सोडणारी गावे दोन्ही राज्यांत आहेत.

पशुविम्याच्या दाव्यासाठी शवविच्छेदन करण्याचा प्रसंग येतो, तेव्हा पशुवैद्य एकटेच काम उरकतात आणि मालक दूर झाडाखाली कागद हातात धरून उभा असतो. संसर्गाची शंका नसेल तर त्याला जवळ बोलावून जाळीपोट उलगडून दाखवायला पाच मिनिटे लागतात. पुष्कळदा त्यात तार असते.